तेजोमेघाच्या चित्रांतील बारकावे

गेल्या पौष महिन्यांत आमच्या वसाहतीच्या सभागृहांत, मीं टिपलेल्या आकाशचित्रांचें एक लहानसें प्रदर्शन भरलें होतें. चित्रें अवघीं आठ. त्यांत सर्वांत मोठें, आणि खरें सांगावयाचें तर माझ्या सर्वांत अभिमानाचें, असें चित्र मृगांतील तेजोमेघाचें होतें. व्याधानें सोडलेला आणि मृगाच्या पोटांत रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला असेल. त्या बाणाच्या जरा दक्षिणेस फिकट ताऱ्यांची एक लहानशी ओळ आहे. तिच्यांतील मधला तारा डोळे ताणून पाहिला तर किंचित् पुसट, धुकें धरल्यासारखा दिसतो. तोच हा तेजोमेघ. आपल्यापासून सुमारें तेराशें प्रकाशवर्षें दूर असलेला वायूचा आणि धुळीचा हा प्रचंड ढग. आणि त्याच्या पोटांत आजही नवे तारे जन्माला येत आहेत.

लोक येत, चित्रासमोर क्षणभर थांबत, ‘वा!’ म्हणत आणि चहाकडे वळत. मीही तेवढ्यानें खूष होतों. संध्याकाळीं आठवी-नववींत शिकणारी एक मुलगी आली. ती चित्राच्या इतकी जवळ गेली कीं तिचें नाक कांचेला लागतें कीं काय, असें मला वाटलें. मग मागें वळून तिनें विचारलें, “काका, ह्या ताऱ्यांच्या भोंवतीं काळीं कडीं आहेत. हबल दुर्बिणीला दिसलेल्या, ग्रह जन्मतात त्या धुळीच्या तबकड्या ह्याच का?”

मीं चष्मा पुसून पाहिलें. कडीं होतीं. एक नव्हे, चांगलीं दहा-बारा. तीन आठवडे त्या चित्राशीं मी झगडलों होतों, आणि तीं मला दिसलीं नव्हतीं. किंवा दिसलीं असतील आणि ‘काय स्पष्टता आली आहे!’ म्हणून मीं तीं मिरविलीं असतील. त्या मुलीचें वाचन चांगलें होतें. सी. आर. ओडेल आणि त्यांचे सहकारी यांना हबल दुर्बिणीच्या चित्रांत ह्याच तेजोमेघांत धुळीच्या काळ्या तबकड्या खरोखरच आढळल्या आहेत. परंतु त्या मला दिसणें शक्य नव्हतें. आकाशांतील बारीक अंतरें आपण विकलांत मोजतों. पूर्ण चंद्राचें बिंब सुमारें अठराशें विकला रुंद दिसतें. ओडेल यांच्या तबकड्या बहुतेक एक-दोन विकलांच्या आंतल्या आहेत. माझ्या कॅमेऱ्याच्या एकेका घरांतच आकाशाची सुमारें दोन विकला रुंदीची चौकट मावते, आणि आपल्या डोक्यावरची हवा बऱ्या रात्रींही प्रत्येक ताऱ्याला तीन-चार विकलांचा फुगवटा देते. शिवाय त्या अंतरावर एक विकला म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधील अंतराच्या सुमारें चारशें पट. माझें कडें आठ विकला रुंद, म्हणजे बत्तीसशें पट. नेपच्यूनची सबंध कक्षा त्याच्या रुंदींत पन्नास वेळां मांडतां आली असती. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही कीं प्रत्येक ठळक ताऱ्याला तसेंच एक कडें होतें, जणूं एकाच सोनारानें घडविलेलें.

“नाहीं बाळ,” मीं म्हटलें, “तीं आकाशांत नाहींत. तीं मीं काढलेलीं आहेत.” ती म्हणाली, “पण खालीं तर ‘छायाचित्र’ असें लिहिलें आहे!”

ह्या वाक्यामुळेंच आज मी आपल्यापुढें बोलत आहें. नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं ही अडचण खरी. पण आज जें सांगावयाचें तें चित्रापेक्षां चित्र कसें तयार होतें ह्याविषयींचें आहे, आणि तें ऐकूनही समजण्यासारखें आहे.

ह्या तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र अमेरिकेंत हेन्री ड्रेपर यांनीं ३० सप्टेंबर १८८० रोजीं घेतलें. त्यांची कांच ५१ मिनिटें उघडी होती आणि तिच्यावर मधला तेजस्वी भाग तेवढा उमटला. पुढें तीनच वर्षांनीं, १८८३ सालीं, इंग्लंडांत अँड्र्यू कॉमन यांनीं आपल्या ३६ इंची दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांत दुर्बिणीला लावलेल्या डोळ्यालाही न दिसणारे तारे उमटले. छायाचित्राची कांच डोळ्यापेक्षां अधिक पाहते हें तेव्हां प्रथम जगाच्या ध्यानांत आलें. आपल्या पुण्याचाही ह्या तेजोमेघाशीं संबंध आहे. सायन्स कॉलेजच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेंत कावसजी दादाभाई नेगामवाला यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्याच्या वर्णपटांतील मुख्य हिरव्या रेषेचा अभ्यास केला होता. ही रेषा कोणत्या मूलद्रव्याची हें तेव्हां कोणालाच ठाऊक नव्हतें. ती ऑक्सिजनची, असें १९२७ सालीं आयरा बोवेन यांनीं दाखविलें. वेधशाळा १९१२ सालीं बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज तीच हिरवी रेषा आणि हायड्रोजनची तांबडी रेषा माझ्यासारखा हौशी माणूस माळरानावर बसून, हातांत मावणाऱ्या कॅमेऱ्यानें टिपतो. साधनें इतकीं सुलभ झालीं आहेत. म्हणूनच त्यांचा गैरवापरही सुलभ झाला आहे.

आतां ह्या रंगीत कॅमेऱ्याचें मर्म पाहूं. त्याच्या आंत बुद्धिबळाच्या पटासारखा एक पट असतो. माझ्या कॅमेऱ्यांत अशीं दोन कोटी साठ लक्ष घरें आहेत. प्रत्येक घर आपल्यावर पडलेला प्रकाश मोजतें. परंतु रंग म्हणजे काय हें त्याला मुळींच कळत नाहीं. म्हणून प्रत्येक घरावर रंगीत कांचेची एक सूक्ष्म टिकली बसविलेली असते. चार घरांचा एक चौक धरला तर त्यांत दोन टिकल्या हिरव्या, एक तांबडी व एक निळी. ही मांडणी कोडॅक कंपनींतील ब्राइस बायर यांची. तिचें पेटंट १९७६ सालचें. मनुष्याच्या डोळ्याला बारकावा मुख्यतः हिरव्या उजेडांत कळतो, म्हणून हिरवीं घरें दुप्पट. दिवसाउजेडीं लग्नामुंजीचे फोटो काढावयाला ही योजना फार उत्तम.

पण आपण आकाशाकडे वळलों कीं हिशेब बदलतो. तयार चित्रांत प्रत्येक घराला तांबडा, हिरवा व निळा असे तीन आंकडे लागतात. त्यांपैकीं एकच मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या घरांवरून अंदाजानें भरलेले असतात. म्हणजे ज्याला आपण रंगीत छायाचित्र म्हणतों त्यांतील दोन तृतीयांश आंकडे अंदाजाचे! तेजोमेघांतील हायड्रोजनचा तांबडा प्रकाश एकाच ठरीव तरंगलांबीचा, ६५६.३ नॅनोमीटरचा असतो. तो जवळ जवळ सगळा तांबड्या घरांतच पडतो, आणि तांबडीं घरें एकंदरीच्या चौथाई, म्हणजे पासष्ट लक्ष. तेजोमेघाच्या तांबड्या तंतूंचा सगळा बारकावा ह्या चौथाई घरांवर अवलंबून. नवशिका माणूस येथेंच फसतो. पडद्यावर दोन कोटी साठ लक्ष घरें दिसतात, म्हणून तेवढा बारकावा चित्रांत असलाच पाहिजे असें तो समजतो, आणि तो दिसत नाहीं म्हणून चित्राला धार लावूं लागतो. अंदाजाला धार लावली तर अंदाजच धारदार होतो.

ह्याला उपाय आहे, आणि तो मोठा चतुर आहे. पण त्याच्या आधीं खरखरीविषयीं बोललें पाहिजे. आपला रेडिओ दूरचें केंद्र लावूं लागला कीं गाण्याबरोबर जी खरखर ऐकूं येते तशीच खरखर चित्रांतही असते. अंधुक तेजोमेघाचा प्रकाश थेंबाथेंबानें येतो. एका घरांत सरासरीनें शंभर थेंब पडावयाचे असतील तर कधीं नव्वद पडतात, कधीं एकशें दहा. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे, प्रकाशाचा स्वभावच तो. एकच चित्र घेतलें तर तेजोमेघाची खरी छटा कोणती आणि ही खरखर कोणती हें सांगतां येत नाहीं. म्हणून आपण एकाच भागाचीं अनेक चित्रें घेतों, तारे ताऱ्यांवर बसवून त्यांची चळत लावतों आणि सरासरी काढतों. तेजोमेघ प्रत्येक चित्रांत तोच असतो, म्हणून टिकतो. खरखर प्रत्येक वेळीं निराळी, म्हणून विरते. मात्र ती चित्रांच्या संख्येच्या वर्गमूळानें विरते. चार चित्रांनीं निम्मी होते, शंभरांनीं दशांश. शंभरांवरून दोनशेंवर गेलें तर श्रम दुप्पट आणि लाभ मात्र पावपटीहून थोडा अधिक. माझ्या ह्या चित्रासाठीं कार्तिकी अमावास्येच्या सुमारास तीन रात्रीं जुन्नरच्या बाजूच्या एका माळावर बसून मीं दोन दोन मिनिटांचीं दीडशें चित्रें घेतलीं होतीं. थंडीचें वर्णन करीत नाहीं. सोबत आलेले माझे मेहुणे पहिल्याच रात्रीं दीड वाजतां मोटारींत जाऊन निजले, ते सकाळीं उठले.

आतां तो उपाय. प्रत्येक दोन-तीन चित्रांनंतर दुर्बिणीची दिशा मुद्दाम किंचित् सरकवावयाची, दहा-पंधरा घरें इकडे तिकडे. इंग्रजींत ह्याला डिदरिंग म्हणतात. असें केल्यानें आकाशांतील एकच बिंदु कधीं तांबड्या घरावर येतो, कधीं हिरव्या, कधीं निळ्या. चळत लावतांना मग शेजाऱ्यावरून अंदाज करण्याचें कारणच उरत नाहीं. प्रत्येक मोजलेला आंकडा त्याच्या खऱ्या जागीं थेंबासारखा टाकावयाचा. दीडशें चित्रांचे थेंब पडले कीं सगळी जमीन भिजते. ह्या रीतीचें नांवच ‘ड्रिझल’, म्हणजे रिमझिम. अँड्र्यू फ्रुक्टर आणि रिचर्ड हुक यांनीं ती हबल दुर्बिणीच्या कामासाठीं बसविली. डिसेंबर १९९५ मध्यें त्या दुर्बिणीनें आकाशाच्या एका लहानशा, रिकाम्या वाटणाऱ्या भागाचीं ३४२ चित्रें घेतलीं, त्यांच्यासाठीं. आज ती कोणाही हौशी माणसाला फुकट उपलब्ध आहे. रंगीत कॅमेऱ्याच्या चित्रांत खरा बारकावा वाढविणारी ह्यापेक्षां मोठी युक्ति मला ठाऊक नाहीं, आणि ती संगणकापुढें बसून नव्हे, माळावर बसून साधावी लागते. चित्रें कमी असतील तर मात्र थेंबांमध्यें कोरड्या जागा राहतात आणि खरखर वाढते; तीस-चाळीस चित्रांवर ही रीत वापरूं नये. डिदरिंगचा आणखी एक फायदा असा कीं कॅमेऱ्यांतील सदोष घरें प्रत्येक वेळीं आकाशाच्या निराळ्या जागीं पडतात आणि सरासरींत गळतात. तें न केल्यास तिरक्या पावसाच्या रेघांसारखे ओरखडे चित्रभर उमटतात, ते कांहीं केल्या जात नाहींत.

अंधारचित्रें आणि सपाट चित्रें घेण्याचें काम कंटाळवाणें असलें तरी टाळूं नये, एवढेंच म्हणतों. पहिल्यानें कॅमेऱ्याची स्वतःची ऊब वजा होते, दुसऱ्यानें कांचेवरील धुळीच्या सावल्या.

चळत लावण्यापूर्वीं निवड करावी लागते. रात्र उतरत जाते तशी दुर्बिणीची नळी गार होऊन किंचित् आंखडते आणि नाभि सरकते. दर तासानें ती पुन्हां जुळविली नाहीं तर पहांटेचीं चित्रें मऊ पडतात. कधीं वारा येतो, कधीं वरची हवा ढवळते. प्रत्येक चित्रांतील ताऱ्यांची रुंदी संगणक मोजून देतो. पूर्वीं मी सरसकट सगळीं चित्रें चळतींत घालीत असें. कष्टानें मिळविलेलें टाकवत नाहीं. आतां मी दोन चळती लावतों. ज्या चित्रांत तारे सर्वांत बारीक आहेत अशा निम्म्या चित्रांची एक, आणि सर्व चित्रांची दुसरी. पहिलींतून बारकावा घ्यावयाचा, दुसरींतून रंग.

हें चालतें ह्याचें कारण आपल्या डोळ्यांत आहे. उजळ-काळोखाचा बारीक फरक डोळा फार चांगला टिपतो. रंगाच्या बाबतींत तो बराच ढिला आहे. रांगोळी काढणाऱ्या बायकांना हें शास्त्र न शिकतां ठाऊक असतें. पांढरी रेघ नेमकी पडली पाहिजे, आंतला रंग इकडचा तिकडे झाला तरी खपतो. म्हणून चित्राचे दोन भाग करावे. एक नुसत्या उजळपणाचा, काळापांढरा. दुसरा नुसत्या रंगाचा. रंगाच्या भागावरची खरखर निर्धास्त पुसावी, तो थोडा मऊ झाला तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. धार लावावयाची ती फक्त उजळपणाच्या भागाला. तीनही रंगांना धार लावली तर प्रत्येक रंगाची खरखर निराळी उठते आणि तेजोमेघावर तांबड्याहिरव्या बुट्ट्या पडतात. उजळपणाचा भाग करतांनाही तिन्ही रंग सारखे मिसळूं नयेत. ज्याच्यांत खरखर कमी त्याला अधिक वजन द्यावें. दुर्बीण साधी असेल तर तिच्यांतून निळा प्रकाश नीट एका ठिकाणीं येत नाहीं, निळे तारे फुगलेले असतात. अशा वेळीं निळ्याला उजळपणांत जवळ जवळ स्थान देऊं नये, रंगांत द्यावें.

आतां धार. धार लावणें म्हणजे काय हें ऑस्ट्रेलियांतील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेचे डेव्हिड मॅलिन यांच्या रीतीवरून चांगलें कळतें. संगणक सर्रास होण्यापूर्वींची गोष्ट. मूळ कांचेची ते फिल्मवर एक मुद्दाम अस्पष्ट, उलट छाप काढीत आणि ती मूळ कांचेला चिकटवून दोघींतून प्रकाश सोडीत. ढोबळ उजेड-अंधार एकमेकांना खोडीत आणि बारीक तपशील तेवढा मागें राही. आजचा संगणक तेंच काम चाळण्यांच्या उतरंडीसारखें करतो. घरांत रव्याची चाळण निराळी, कणकेची निराळी, मैद्याची त्याहून बारीक. तसे चित्राचे थर पाडावयाचे. एका घराएवढा तपशील एका थरांत, दोन घरांएवढा दुसऱ्यांत, चार घरांएवढा तिसऱ्यांत. मग पाहिजे तो थर उचलावयाचा. लोभी माणूस सर्वांत बारीक थर उचलतो, आणि तेथें तर नुसती खरखर असते! मृगाच्या तेजोमेघांत माझ्या दुर्बिणीला जें खरें दिसतें तें दोन ते आठ घरांच्या थरांत आहे. तेवढेच थर थोडे उचलावे आणि तेही जेथें प्रकाश भरपूर आहे तेथेंच. कडेच्या अंधुक धुराला धार लावूं नये. कोयतीला धार लावतां येते कारण तेथें लोखंड असतें. ज्या भागाला धार लावावयाची नाहीं त्याच्यावर संगणकांत झांकण घालतां येतें, आणि माझ्या मतें चित्र सुधारण्याच्या सगळ्या कलेंत झांकण कोठें घालावें हें कळणें हीच निम्मी विद्या.

मग माझीं कडीं आलीं कोठून? तीं आलीं ह्याच्यापुढच्या क्रियेंतून. तारा हा वास्तविक बिंदु. हवा आणि दुर्बीण मिळून त्याला पसरतात. तो किती आणि कसा पसरला हें माहीत असेल तर गणितानें तें पसरणें उलटवितां येईल, अशी ही कल्पना आहे. विल्यम रिचर्डसन यांनीं १९७२ सालीं आणि लिऑन लूसी यांनीं १९७४ सालीं, स्वतंत्रपणें, हें गणित मांडलें. १९९० सालीं हबल दुर्बीण वर गेल्यावर तिच्या मुख्य आरशाची कड केसाच्या जाडीच्या कित्येक हिश्शांनीं कमी अशा अंतरानें चुकीची घांसली गेल्याचें आढळलें. डिसेंबर १९९३ मध्यें अंतराळवीरांनीं तिला जणूं चष्मा चढवीपर्यंतच्या तीन वर्षांत ह्या गणितानें पुष्कळ चित्रें वांचविलीं. तेव्हां गणित खोटें नाहीं. तें आवर्तनांनीं चालतें. प्रत्येक आवर्तनांत पसरलेला प्रकाश थोडा थोडा आपल्या ताऱ्याकडे परत जातो.

परंतु ह्यासाठीं दोन गोष्टी लागतात. ताऱ्याचा प्रकाश पुरता मोजलेला असला पाहिजे, आणि खरखर कमी असली पाहिजे. माझे ठळक तारे दोन मिनिटांच्या उघाडींत भरून ओसंडले होते. भांडें भरल्यावर वर किती पाणी गेलें हें भांड्याला कसें कळणार? ताऱ्याचा माथा कापलेला; गणिताला मात्र तो माथा उंच हवा. मग तो उभारण्यासाठीं तें शेजारचा प्रकाश ओढूं लागलें, आणि ओढतां ओढतां ताऱ्याच्या भोंवतीं खड्डा पडला. काळ्या आकाशांत असा खड्डा दिसत नाहीं. तेजोमेघाच्या उजळ पडद्यावर तो काळ्या कड्यासारखा उठून दिसतो. त्यांतून मीं साठ आवर्तनें दिलीं होतीं. दहाव्याला चित्र चांगलें दिसलें, विसाव्याला अधिक चांगलें. मग मी थांबलोंच नाहीं. डोळा सरावतो. प्रत्येक पायरीवर आदल्या पायरीशीं तुलना करणाऱ्याला आपण किती दूर आलों हें कळत नाहीं. मूळ चित्र शेजारीं उघडें ठेवलें असतें तर कळलें असतें.

प्रदर्शन संपल्यावर मीं तें काम पुन्हां आरंभापासून केलें. त्याच रात्रीं मीं पांच पांच सेकंदांचीं चाळीस चित्रें सुदैवानें घेतलेलीं होतीं. तेजोमेघाच्या गाभ्यांतील चार ठळक ताऱ्यांचा चौकोन, ज्याला ट्रॅपेझियम म्हणतात, तो लांब उघाडींत पांढऱ्या डागांत बुडून जातो म्हणून. ह्या लहान चित्रांतून गाभा घेतला. चित्र ताणण्यापूर्वीं, म्हणजे आंकडे जसे मोजले तशा सरळ प्रमाणांत असतांनाच, गणिताचीं बाराच आवर्तनें दिलीं. कारण एकदां अंधुक भाग उजळविण्यासाठीं आंकडे ताणले कीं ताऱ्याच्या पसरण्याचा नियम मोडतो आणि मग हें गणित लागूच पडत नाहीं. ओसंडलेल्या प्रत्येक ताऱ्यावर झांकण घातलें. तेजोमेघाच्या दोन्ही पंखांवरील पदर पूर्वींपेक्षां थोडे मऊ दिसूं लागले, आणि गाभ्याजवळ जी काळी धुळीची खाडी आंत शिरलेली आहे तिची कड मात्र अधिक नेमकी आली.

तरीही मनांत प्रश्न राहिलाच कीं आतां जें दिसतें तें तरी आकाशांतलें कशावरून? मीं दीडशें चित्रांचे सम-विषम असे दोन भाग केले, दोहोंवर तीच क्रिया तंतोतंत केली आणि निकाल शेजारीं ठेवले. जो तपशील एकांत आहे आणि दुसऱ्यांत नाहीं तो खरखरींतून जन्मलेला. अशा सात-आठ ‘तंतूं’ना मीं मुकलों, त्यांतला एक मला फार आवडत असे. पण श्रोतेहो, ही परीक्षा पुरेशी नाहीं. कुतूहल म्हणून मीं जुनी साठ आवर्तनांची क्रियाही दोन्ही भागांवर करून पाहिली, आणि काळीं कडीं दोन्हींत अगदीं सारखीं उमटलीं. खरखर दोन भागांत निराळी असते. क्रियेची चूक मात्र दोन्हींत तीच असते. तिला पकडावयाचें तर दुसरी दुर्बीण हवी, किंवा त्याच भागाचें एखाद्या मोठ्या वेधशाळेनें प्रसिद्ध केलेलें चित्र समोर हवें. हबलचें ह्या तेजोमेघाचें चित्र सर्वांना खुलें आहे. तें माझ्या चित्राच्या मापाला आणून मीं ताडून पाहिलें. खाडीची कड जुळली. पश्चिमेकडील दोन पदर जुळले. एक गांठ जुळली नाहीं. ती काढून टाकली.

अलीकडे शिकविलेल्या संगणक-प्रणाली निघाल्या आहेत. हजारों चित्रें दाखवून त्यांना ‘धूसर असें असेल तर स्पष्ट असें असतें’ हें शिकविलेलें असतें. त्या एका मिनिटांत जें करतात तें मला तीन आठवड्यांत साधत नाहीं, आणि त्यांना काळीं कडीं पडत नाहींत. मी त्या वापरतों, ताऱ्यांसाठीं विशेषतः. पण कड्याची चूक निदान कुरूप असते, शाळकरी मुलीच्या डोळ्यांतही भरते. शिकविलेल्या प्रणालीची चूक सुंदर असते. ती तेजोमेघांत शोभेल असाच तंतु काढते. त्यामुळें तिच्या निकालाला वरच्या दोन्ही परीक्षा अधिकच कडकपणें लावाव्या लागतात, आणि चित्राखालीं तिचा उल्लेख करावा असें मला वाटतें. कांहीं मित्रांना हें सोंवळें वाटतें. “सजावटीचें चित्र आहे, शोधनिबंध नव्हे,” असें ते म्हणतात. सजावटीचें असेल तर खालीं तसें लिहावें, एवढेंच माझें म्हणणें. त्या मुलीनें जें विचारलें तें तेंच होतें.

नवें चित्र फाल्गुनांत छापून आलें. आकार मुद्दाम लहान ठेवला, कारण खरा बारकावा तेवढ्याच आकारापुरता आहे. त्याची एक प्रत तिच्या घरीं नेऊन दिली. तिनें भिंग आणलें, सगळे ठळक तारे एकेक करून तपासले आणि डाव्या बाजूच्या कोपऱ्याजवळच्या एका ताऱ्यावर बोट ठेवलें. तेथें अगदीं अस्पष्ट असें एक कडें अजून होतें. झांकण घालतांना तो एक तारा माझ्याकडून राहून गेला होता. कार्तिकांत पुन्हां माळावर जावयाचें आहे. ह्या वेळीं कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून चित्रें घेणार आहें, म्हणजे पटाच्या आडव्याउभ्या ओळींमुळें कांहीं खोटें उमटत असेल तर तें निराळ्या दिशेला पडून उघडें होईल. तिच्या वडिलांची परवानगी मिळाली तर तीही येणार आहे.